आतड्यातील उपयुक्त जिवाणू आणि शेतकरी कुटुंबाचा आहार

पेण आणि रोहा तालुक्यातील शेतकऱ्यांना जिवाणू हा शब्द आता नवीन राहिलेला नाही. भाताची कापणी झाल्यावर जमिनीतील ओलाव्यावर वाल पेरताना बियाण्यास रायझोबियम चोळण्याची शिफारस त्यांच्या परिचयाची आहे. हे जिवाणू वालाच्या मुळांवर गाठी करतात आणि हवेतील नत्र पिकास मिळवून देतात. जमिनीत असे उपयुक्त जिवाणू असतात तसेच ते माणसाच्या आतड्यातही असतात. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत या विषयावर जगभर मोठे संशोधन झाले. त्यापाठोपाठ औषधांच्या दुकानात प्रोबायोटिकच्या कॅप्सूल, पुड्या आणि लहान बाटल्या दिसू लागल्या. त्या घ्याव्यात काय, कोणी घ्याव्यात आणि घरच्या ताक-आंबिलाचे स्थान काय, हे शेतकरी कुटुंबाने समजून घेणे जरूर आहे. प्रश्न पैशाचा आहे, तसाच पावसाळ्यात जुलाबाने आजारी पडणाऱ्या लहान मुलांच्या जीवाचाही आहे.

आतड्यातील जिवाणूंची वस्ती

निरोगी प्रौढ माणसाच्या शरीरात सुमारे ३८ लाख कोटी जिवाणू असतात, असा अंदाज २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मांडण्यात आला. माणसाच्या स्वतःच्या पेशी सुमारे ३० लाख कोटी धरल्या आहेत. म्हणजे शरीरात जितक्या पेशी, साधारण तितकेच जिवाणू. जिवाणूंची संख्या पेशींच्या दहापट असते, हे जुन्या पुस्तकांतील विधान आता मागे पडले आहे. या सर्व जिवाणूंचे एकत्रित वजन सुमारे २०० ग्रॅम भरते आणि त्यांतील बहुतेक मोठ्या आतड्यात राहतात.

त्यांचे काम समजण्यासाठी गाईचे उदाहरण घ्यावे. गाय पेंढा खाते, परंतु पेंढ्यातील तंतू पचविण्याची शक्ती गाईच्या स्वतःच्या पाचक रसांत नसते. कोठीपोटातील सूक्ष्म जीव तो आंबवितात आणि त्यातून तयार होणाऱ्या आम्लांवर गाईची ऊर्जेची गरज मोठ्या प्रमाणात भागते. माणसाला कोठीपोट नाही, पण मोठ्या आतड्यात असेच काम लहान प्रमाणावर चालते. धान्याचा कोंडा, कडधान्यांची टरफले, भाज्यांतील तंतू लहान आतड्यात न पचता पुढे जातात. तेथील जिवाणू ते आंबवून ॲसेटिक, प्रोपिऑनिक आणि ब्युटिरिक ही आम्ले तयार करतात. ब्युटिरिक आम्ल हे मोठ्या आतड्याच्या अस्तरातील पेशींचे मुख्य खाद्य आहे. हे अस्तर मजबूत असले म्हणजे रोगजंतूंना शरीरात शिरणे अवघड जाते. याशिवाय उपयुक्त जिवाणू जागा आणि अन्न व्यापून ठेवतात, त्यामुळे अपायकारक जंतूंना तेथे सहज वाढता येत नाही. चांगले वाढलेले पीक तणास जागा देत नाही, त्यातलाच हा प्रकार आहे.

गाईला एकाएकी जास्त धान्य चारले तर पोटात आम्लता वाढते आणि ती चारा सोडते. वैरणीत बदल हळूहळू करावा, असे म्हणूनच सांगितले जाते. माणसाच्या बाबतीतही आहार बदलला की जिवाणूंची वस्ती बदलते. तंतूंचा पुरवठा थांबला तर तंतू पचविणारे जिवाणू कमी होतात.

पुण्यातील संशोधन काय सांगते?

या विषयावर आपल्या राज्यातही महत्त्वाचे काम झाले आहे. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातील डॉ. योगेश शौचे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतीयांच्या आतड्यातील जिवाणूंचा अभ्यास केला. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दोन एकत्र कुटुंबांतील तीन पिढ्यांच्या व्यक्तींचे नमुने तपासले. एकाच घरात राहूनही वयाप्रमाणे जिवाणूंच्या गटांचे प्रमाण बदलते, असे त्यात दिसून आले. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात भारतीयांच्या आतड्यात प्रिव्होटेला आणि मेगास्फेरा या जिवाणूंचे प्रमाण इतर अनेक देशांतील लोकांपेक्षा अधिक आढळले.

प्रिव्होटेला हा जिवाणू धान्य आणि वनस्पतिजन्य आहार घेणाऱ्या लोकांत भरपूर आढळतो. आफ्रिकेतील बुर्किना फासो देशातील खेड्यातील मुले आणि इटलीतील फ्लॉरेन्स शहरातील मुले यांची तुलना २०१० साली प्रसिद्ध झाली. भरड धान्य आणि कडधान्यांवर वाढलेल्या खेड्यातील मुलांत तंतू पचविणारे जिवाणू मोठ्या प्रमाणात होते, शहरी मुलांत ते फारच कमी होते. थायलंडमधून अमेरिकेत गेलेल्या लोकांचा अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. स्थलांतरानंतर थोड्याच महिन्यांत त्यांच्या आतड्यातील जिवाणूंची विविधता घटू लागली आणि प्रिव्होटेला कमी होऊन दुसऱ्या गटाचे जिवाणू वाढले.

यावरून एक गोष्ट ध्यानात येते. नाचणी, वाल, पालेभाजी यांवर पिढ्यान्‌पिढ्या पोसलेली ही जिवाणूसृष्टी म्हणजे आपले घरचे बियाणे आहे. ते टिकविणे विकतच्या पुडीपेक्षा अधिक महत्त्वाचे आहे.

प्रोबायोटिक म्हणजे नेमके काय?

रशियन शास्त्रज्ञ मेचनिकॉफ यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी आंबविलेल्या दुधातील जिवाणूंचा आरोग्याशी संबंध जोडला. त्यांना १९०८ साली नोबेल पारितोषिक मिळाले, मात्र ते रोगप्रतिकारशक्तीवरील कामासाठी होते. पुढे १९३० साली जपानमध्ये शिरोटा यांनी आतड्यापर्यंत जिवंत पोहोचणारा लॅक्टोबॅसिलसचा एक वाण वेगळा केला.

जागतिक अन्न व कृषि संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या तज्ज्ञांनी २००१ साली प्रोबायोटिकची व्याख्या केली. पुरेशा प्रमाणात दिले असता घेणाऱ्याच्या आरोग्यास लाभ करून देणारे जिवंत सूक्ष्म जीव म्हणजे प्रोबायोटिक, असा तिचा आशय आहे. जिवाणू जिवंत हवेत, पुरेसे हवेत आणि त्यांचा लाभ चाचणीत सिद्ध झालेला हवा, या तीन अटी त्यात आल्या.

येथे शेतकऱ्याचा अनुभव कामी येतो. वालासाठी शिफारस केलेले रायझोबियम सोयाबीनला चालत नाही. प्रत्येक पीकगटाचा जिवाणू वेगळा. प्रोबायोटिकचेही तसेच आहे. एका वाणाने जुलाब कमी झाले म्हणून दुसऱ्या वाणाने होतीलच असे नाही. जिवाणू खताचे पाकीट उन्हात राहिले किंवा मुदत संपली तर त्यातील जिवाणू मरतात आणि हाती नुसती काळी भुकटी राहते. तीच गत प्रोबायोटिकच्या पुडीची होते.

लाभ कोठे दिसला, कोठे नाही?

आपल्या देशात या बाबतीत दोन मोठ्या चाचण्या झाल्या आहेत.

१) कोलकाता येथे १ ते ५ वर्षे वयाच्या ३,७५८ मुलांवर चाचणी घेण्यात आली. एका गटास रोज लॅक्टोबॅसिलस केसाय शिरोटा या वाणाचे पेय १२ आठवडे दिले. पेय दिलेल्या गटात जुलाबाचे प्रमाण सुमारे १४ टक्के कमी आढळले. हा अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. लाभ झाला, पण तो माफक होता. स्वच्छ पाणी आणि शौचालय यांची जागा हे पेय घेऊ शकत नाही.

२) ओडिशातील खेड्यांत ४,५५६ नवजात बालकांवर घेतलेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाले. पूर्ण दिवसांच्या किंवा जवळपास पूर्ण दिवसांच्या, निरोगी बालकांना जन्मानंतर सात दिवस लॅक्टोबॅसिलस प्लॅन्टॅरमचा एक निवडक वाण आणि सोबत फ्रुक्टो-ऑलिगोसॅकराइड ही विशिष्ट शर्करा देण्यात आली. जंतुदोष किंवा मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण ९ टक्क्यांवरून ५.४ टक्क्यांवर आले. म्हणजे धोका ४० टक्क्यांनी घटला. या चाचणीत जिवाणूबरोबर त्याचे खाद्यही दिले होते, ही बाब लक्षात ठेवण्यासारखी आहे. मात्र हा प्रयोग ठरावीक वाण वापरून, देखरेखीखाली झाला होता. त्यावरून घरच्या घरी तान्ह्या बाळास कोणतीही पुडी देऊ नये.

याच्या उलट, अमेरिका आणि कॅनडा येथे जुलाब-उलटी झालेल्या मुलांवर घेतलेल्या दोन मोठ्या चाचण्या २०१८ साली प्रसिद्ध झाल्या. त्यांत प्रोबायोटिकमुळे मुले लवकर बरी झाली असे आढळले नाही. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या एका लहान अभ्यासात प्रतिजैविक औषधांनंतर प्रोबायोटिक घेणाऱ्यांच्या आतड्यातील मूळचे जिवाणू पूर्ववत होण्यास उलट अधिक वेळ लागला. म्हणून प्रोबायोटिक हे सरसकट टॉनिक समजू नये.

जिवाणूंचा चारा आपल्या शेतात

जमिनीत सेंद्रिय पदार्थ नसेल तर जिवाणू खत टाकूनही ते तग धरत नाही. शेणखत, गिरिपुष्पाचा पाला, पिकांचे अवशेष हे जिवाणूंचे अन्न होय. आतड्यातील जिवाणूंसाठी हेच काम आहारातील तंतू करतात. अशा खाद्यास प्रीबायोटिक म्हणतात. पेण-रोहा परिसरात त्याची वाण नाही.

• नाचणी : राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ सालच्या तक्त्यांनुसार १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ११ ग्रॅम तंतू आणि ३६४ मिलिग्रॅम कॅल्शियम असते. सडलेल्या पांढऱ्या तांदळात तंतू ३ ग्रॅमहून कमी आणि कॅल्शियम ८ मिलिग्रॅमहून कमी असते. डोंगर उतारावरील वरकस जमिनीत होणारे हे पीक घरच्या खाण्यापुरते तरी जरूर घ्यावे.

• वाल, चवळी, मूग, कुळीथ : कडधान्यांतील न पचणाऱ्या शर्करा आणि तंतू जिवाणूंना आवडतात. पोटात वायू धरण्याचे कारणही तेच आहे. भिजवून, मोड आणून, ते पाणी टाकून चांगले शिजविल्यास त्रास कमी होतो. सवय नसलेल्यांनी प्रमाण हळूहळू वाढवावे.

• कांदा व लसूण : यांत फ्रुक्टन वर्गातील शर्करा असते. ओडिशातील चाचणीत दिलेली शर्करा याच वर्गातील आहे. भौगोलिक मानांकन मिळालेला अलिबागचा पांढरा कांदा तर आपल्या शेजारचाच आहे.

• रानभाज्या : पावसाच्या आरंभी आदिवासी भगिनी पेण आणि रोह्याच्या बाजारात शेवळे, टाकळा, कुर्डू, भारंगी, करटोली आणतात. अमेरिकेत झालेल्या एका मोठ्या पाहणीत (२०१८) आठवड्यात तीसहून अधिक प्रकारच्या वनस्पती खाणाऱ्यांच्या आतड्यात जिवाणूंची विविधता अधिक आढळली. ताटात प्रकार जितके अधिक, तितके चांगले. शेवळ्यासारखी खाजरी भाजी मात्र काकड किंवा चिंचेसारखे आंबट घालून, नीट शिजवूनच खावी.

• हातसडीचा तांदूळ : गिरणीत पूर्ण पांढरा करण्याऐवजी कमी सडलेला तांदूळ वापरावा. कोंड्याबरोबर तंतू आणि जीवनसत्त्व ब१ वाचते.

खारेपाटात भात हेच मुख्य पीक असल्याने तेथील ताटात भात, तांदळाची भाकरी आणि मासळी यांचा भर असतो. मासळीतून उत्तम प्रथिने मिळतात, परंतु तंतू मिळत नाहीत. तेथील कुटुंबांनी बांधावरील तूर, परसातील भाजी आणि डोंगरपट्ट्यातील नाचणी यांची जोड आहारास द्यावी.

दही, ताक आणि आंबील

घरचे दही हे प्रोबायोटिक आहे काय, असे अनेकदा विचारले जाते. घरच्या विरजणात कोणते वाण किती आहेत हे तपासलेले नसते. म्हणून व्याख्येप्रमाणे त्यास प्रोबायोटिक म्हणता येत नाही. तरीही ते उत्तम अन्न आहे. विरजणातील जिवाणू दुधातील लॅक्टोज शर्करा काही प्रमाणात वापरून टाकतात, त्यामुळे दूध न सोसणाऱ्यांनाही दही बहुधा सोसते. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात ३६ निरोगी प्रौढांवर झालेल्या अभ्यासात (२०२१) दहा आठवडे आंबविलेले पदार्थ भरपूर खाणाऱ्या गटात जिवाणूंची विविधता वाढली आणि दाह दर्शविणारी काही प्रथिने कमी झाली. अभ्यास लहान आहे, परंतु दिशा दाखविणारा आहे.

दही लावण्याची पद्धत : दूध उकळून कोमट होऊ द्यावे. अर्ध्या लिटरला एक लहान चमचा ताजे, गोडसर विरजण घालून ढवळावे. भांडे झाकून सहा ते आठ तास न हलविता ठेवावे. थंडीत वेळ अधिक लागतो. मातीचे किंवा स्टेनलेस स्टीलचे भांडे वापरावे. कल्हई नसलेल्या पितळी किंवा तांब्याच्या भांड्यात दही लावू नये. ताकासाठी उकळून गार केलेले पाणीच वापरावे.

आंबील करण्याची पद्धत : अर्धी वाटी नाचणीचे पीठ एक वाटी ताकात कालवून रात्रभर झाकून ठेवावे. सकाळी तीन ते चार वाट्या पाणी उकळून त्यात हे मिश्रण ढवळत सोडावे आणि आठ-दहा मिनिटे शिजवावे. चवीपुरते मीठ, जिरे, ठेचलेला लसूण घालावा. खाली उतरवून पूर्ण कोमट झाल्यावर वाटीभर ताजे ताक मिसळावे.

शेवटची कृती महत्त्वाची आहे. शिजविताना रात्रभर वाढलेले जिवाणू मरतात. आंबविण्याचा फायदा तरीही वाया जात नाही, कारण नाचणीतील फायटेट कमी होऊन लोह आणि कॅल्शियम अंगी लागण्यास मदत होते. पण जिवंत जिवाणू पोटात जावयाचे असतील तर ताक नंतरच घालावे. उकळलेल्या कढीलाही हाच नियम लागू आहे. आंबील त्याच दिवशी संपवावी. बुरशी आलेला, तार सुटलेला किंवा विचित्र वासाचा पदार्थ आंबला आहे असे समजून खाऊ नये; तो नासलेला असतो. पावसाळी दमट हवेत शिळा भात उघडा, उबदार जागी रात्रभर राहिल्यास त्यात विषारी द्रव्य करणारे जंतू वाढतात आणि पुन्हा गरम करूनही ते विष नष्ट होईलच असे नाही.

लहान मुले आणि प्रतिजैविके

१) पहिले सहा महिने बाळास फक्त आईचे दूध द्यावे. आईच्या दुधात अशा काही शर्करा असतात की त्या बाळाला स्वतःला पचत नाहीत. त्या बायफिडोबॅक्टेरियम या उपयुक्त जिवाणूंसाठी असतात. घुटी, मध, साखरेचे पाणी देऊ नये.

२) मुलास जुलाब झाल्यास प्रथम क्षारसंजीवनी आणि झिंकच्या गोळ्या द्याव्यात. झिंक सहा महिन्यांपर्यंत रोज १० मिलिग्रॅम आणि पुढे २० मिलिग्रॅम याप्रमाणे १४ दिवसांपर्यंत आरोग्य केंद्राच्या सल्ल्याने द्यावे. स्तनपान आणि जेवण बंद करू नये. मूल सुस्त पडले, डोळे खोल गेले, पाणी पीत नसले, लघवी थांबली किंवा शौचात रक्त दिसले तर ताबडतोब दवाखान्यात न्यावे. प्रोबायोटिकच्या पुडीवर विसंबून वेळ दवडू नये.

३) बहुतेक जुलाब विषाणूंमुळे होतात आणि त्यांवर प्रतिजैविके चालत नाहीत. उलट ती तणनाशकाने तणाबरोबर पीकही जाळावे तशी उपयुक्त जिवाणूंना मारतात. गोळ्यांच्या पाकिटावर उभी लाल रेघ असल्यास ते औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नये. चिठ्ठीने दिलेले औषध मात्र सांगितल्याप्रमाणे घ्यावे.

४) हाच विवेक कोंबड्या आणि दुभत्या जनावरांच्या बाबतीत ठेवावा. माणसासाठी शेवटचा उपाय मानले जाणारे कोलिस्टिन हे औषध खाद्यजन्य जनावरांत आणि कुक्कुटपालनात वापरण्यास केंद्र सरकारने २०१९ साली बंदी घातली आहे.

विकत घेताना काय पाहावे?

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि जैवतंत्रज्ञान विभाग यांनी २०११ साली प्रोबायोटिक अन्नाबाबत मार्गदर्शक सूचना काढल्या. त्या लक्षात घेऊन पुढील बाबी तपासाव्यात.

• जिवाणूचे कुळ, जात आणि वाण अशी पूर्ण ओळख दिली आहे काय? २०२० साली लॅक्टोबॅसिलस कुळाची नवी विभागणी झाल्याने लॅक्टिप्लॅन्टिबॅसिलस अशी नवी नावेही आढळतात. तो फसवणुकीचा प्रकार नव्हे.
• मुदत संपेपर्यंत जिवंत राहणाऱ्या जिवाणूंची संख्या दिली आहे काय? केवळ बनविताना किती होते हे पुरेसे नाही.
• साठवण कशी करावयाची? थंड ठेवावयाचा माल दुकानात उन्हात ठेवलेला असेल तर घेऊ नये.
• सर्व रोगांवर रामबाण असा दावा असेल तर ते उत्पादन टाळावे.
• गरम दूध, चहा किंवा पेजेत पुडी मिसळू नये.

दिवस भरण्यापूर्वी जन्मलेली बाळे, कर्करोगावर उपचार घेणारे, अवयव बदललेले आणि अतिदक्षता विभागातील रुग्ण यांना डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय प्रोबायोटिक देऊ नये. अशा रुग्णांत हे जिवाणू रक्तात उतरल्याची उदाहरणे आहेत.

महिला बचत गटांसाठी

पेणच्या पापड आणि पोह्यांना मोठी बाजारपेठ आहे. त्याच धर्तीवर मोड आणलेल्या नाचणीचे पीठ आणि आंबिलाचे तयार पीठ करता येईल. नाचणी निवडून बारा तास भिजवावी, ओल्या फडक्यात बांधून मोड आणावेत, कडक वाळवून मंद आचेवर भाजावी आणि दळावी. विक्रीसाठी अन्नसुरक्षा विभागाची नोंदणी आवश्यक आहे. मात्र पाकिटावर प्रोबायोटिक असे छापू नये. भाजलेल्या पिठात जिवंत जिवाणू नसतात. तंतू आणि कॅल्शियमयुक्त पौष्टिक पीठ एवढेच खरे सांगावे. नाचणी, वाल यांचे सुधारित वाण आणि बियाण्यासाठी किल्ला-रोहा येथील कृषि विज्ञान केंद्राशी संपर्क साधावा.

सारांश

शेतात जिवाणू खत उपयोगी पडते ते जमिनीत सेंद्रिय पदार्थ असल्यावर. आतड्याचेही तसेच आहे. नाचणी, वाल, कांदा, पालेभाजी हा चारा रोज पोटात जावा, ताजे ताक किंवा दही सोबत असावे, पाणी उकळून प्यावे आणि प्रतिजैविके विनाकारण घेऊ नयेत. एवढे झाल्यास निरोगी कुटुंबास प्रोबायोटिकची पुडी विकत घेण्याची गरज सहसा पडत नाही. आजारात ती कोणास आणि कोणत्या वाणाची द्यावी, हे डॉक्टरांनी ठरवावे. यंदाच्या हंगामात वरकस जमिनीचा निदान एक तुकडा घरच्या खाण्याच्या नाचणीसाठी राखून ठेवावा.